फाटक्या जीन्सचा सौदा

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही! पण निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या. परवा मी माझ्याच घरात, माझ्याच हाताने, मलाच लुटून घेतलं.

झालं असं, की रिटायर झाल्यापासून सकाळी घोडबंदरला खाडीकडे चक्कर मारायची सवय लागलीये मला. तिथे तिवरांच्या फांद्यांवर काय लटकत असतं, ठाऊक आहे? मला आधी पक्षी वाटले. चष्मा पुसून पाहिलं, तर गाऊन, बनियन, कुणाचा तरी शाळेचा शर्ट! भरतीच्या पाण्याने आणून टांगलेले. म्हणजे बघा, आपण कचऱ्यात टाकलेला कपडा नाहीसा होत नाही हो. तो फक्त दुसरीकडे वाळत पडतो.

घरी येऊन मी जाहीर केलं, "आजपासून या घरातली एक चिंधीसुद्धा कचऱ्यात जाणार नाही!"

आमची सुनंदा, म्हणजे बायको, ऑफिसला निघता निघता म्हणाली, "बरं. मग तुमचे जुने शर्ट गाठोड्यात बांधून ठेवलेत, त्यांची लावा सोय." आणि गेली.

आणि दुपारी काय योग! खालून हाक आली, "भांडीय्येऽऽ! जुना कपडाऽऽ!"

अहो, बोहारीण! मीरा रोडला! किती वर्षांनी ऐकली ती हाक!

गिरगावच्या आमच्या चाळीत ही हाक आली की आई पोळी तव्यावर सोडून गॅलरीत धावायची. मग एका पातेल्यासाठी दुपारभर युद्ध. "ही पँट विरलीये बाई." "विरली कुठे? हात लावून बघ की!" बोहारीण रागारागाने टोपली उचलून जिन्यापर्यंत जायची. आई खुशाल जाऊ द्यायची. बोहारीण परत यायची, मग दोघी मिळून चहा प्यायच्या, एकमेकींच्या सासवांची चौकशी करायच्या, आणि शेवटी वर एक चमचा उकळून आई जिंकायची.

आमच्या घरात प्रत्येक भांड्याला पूर्वजन्म होता. दूध तापायचं ते बाबांच्या जुन्या कोटात! "अगं, कोट उतू जातोय, गॅस बंद कर!" असं आई ताईला ओरडून सांगायची आणि कुणालाच त्यात काही विचित्र वाटायचं नाही. कचऱ्याचा डबा होता म्हणे आमच्याकडे. पण त्यात कधी काही पडलेलं मला तरी आठवत नाही.

तर, मी बोहारणीला वर बोलावलं. सोफ्यावर चादरीत बांधलेलं गाठोडं होतंच. सोडलं. वरच जीन्स! गुडघ्यांवर फाटलेली, मांडीवर दोरे लोंबतायत, रंग पार विटलेला. मलाच लाज वाटली.

"ही जरा जास्तच फाटलीये हं," मी म्हणालो. "चालवून घ्या."

तिने ती उलटीपालटी करून पाहिली. चेहरा दगडासारखा. "शेठ, इसका क्या आएगा? चलो, तुम्हारे वास्ते ले लेती."

मीही आईचाच मुलगा! घासाघीस केली, रुसलो, तिला जिन्यापर्यंत जाऊ दिलं आणि अख्ख्या गाठोड्यावर एक झकास स्टीलची कढई मिळवली. लगेच सुनंदाला फोन.

"गाठोडं गेलं! कढई आली!"

"कुठलं गाठोडं? तुमचे शर्ट तर गॅलरीत ठेवलेत."

"मग सोफ्यावरचं?"

सुनंदा किंचाळलीच, "अहो, ते मुक्ताचं! संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गोव्याला निघतीये पोरगी, बॅग भरायला काढून ठेवलं होतं तिने! कालच घेतलीये ती जीन्स!"

"ती फाटकी?"

"ती फाटकीच मिळते!"

एका हातात कढई, दुसऱ्या हातात गॅलरीतलं गाठोडं, असा मी धावत सुटलो. वॉचमन म्हणाला, "हाटकेश की तरफ गई." रिक्षा केली. एका बिल्डिंगच्या गेटजवळ बाई निवांत बसली होती.

"मौसी, गलती हो गया! बेटी का कपडा है, वापस दो!"

"सौदा हो गया, शेठ."

मी कढई पुढे ठेवली. वर माझ्या शर्टांचं गाठोडं सोडलं. तिने एक शर्ट दोन बोटांत उचलला आणि तसाच खाली सोडला. "ये कोई नहीं लेगा."

अहो, माझी अख्खी नोकरी त्या शर्टांत झाली होती! मग तिची नजर माझ्या अंगावर गेली. "ये अच्छा है."

मुक्तानेच वाढदिवसाला दिलेला लिननचा शर्ट. काय करता? काढला! भर रस्त्यात!

तेव्हा कुठे तिने आपलं बोचकं उलगडलं. "देख लो, तुम्हारा कौनसा."

मुक्ताचे टॉप चादरीसकट तसेच सापडले. पण जीन्स? तिथे जीन्सचा हा ढीग, आणि सगळ्या फाटक्या! आता ओळखायचं कसं? मी डोकं चालवलं. फाटकीच महाग मिळते ना? मग जितकी फाटकी तितकी महाग! सगळ्यात जास्त फाटलेली उचलली आणि विजयी मुद्रेने, बनियनवर, रिक्षातून घरी आलो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या भावनाबेन भेटल्या. "भाईसाब, सब ठीक है ना?" एवढंच विचारून त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मुक्ता दारातच उभी होती. तिने जीन्स हातात घेतली, उलगडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, ही माझी नाही."

"नाही कशी? नीट बघ, केवढी फाटलीये!"

तिने जीन्सच्या बुडातून आपला हात आरपार बाहेर काढला आणि माझ्या नाकासमोर हलवला.

"बाबा, ही खरंच फाटलीये!"