छापील फी आणि भिंगरीकाकू

भिंगरीकाकू निवांत बसल्यात, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. चहा उभ्याने, फोन उभ्याने, आमच्याकडे गणपतीची आरती झाली की प्रसादसुद्धा दारात चपला घालता घालता. त्यांच्या पायाला भिंगरी लावलेली म्हणून हे नाव मीच ठेवलं, अर्थात पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे. काका फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत होते, बदल्या करत करत कोलकात्याला आलेले. इथे मराठी घरं मोजकी, त्यामुळे आम्ही आयतेच काकूंच्या तावडीत सापडलो.

लिहिलेल्या किमतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एस्प्लनेडच्या फुटपाथवर चादरीला हात लावायच्या आधीच त्या विचारायच्या, "दादा, आसोल कोतो?" म्हणजे खरी किंमत किती? त्यांच्या बंगालीची धाव तेवढीच, पण तेवढ्यावर त्यांनी अख्खा संसार सजवला. शिवाय समोरून येणाऱ्या अनोळखी बाईलाही थांबवून "तुम्हाला केवढ्याला पडलं?" असं विचारायच्या. आई शरमेने दुसरीकडे बघायची. काकू म्हणायच्या, "छापलेली किंमत न विचारणाऱ्यांसाठी असते गं."

नेहमी जमायचंच असंही नाही. एका डॉक्टरांकडे त्यांनी तपासणीची फी कमी करायला सांगितली, तर डॉक्टरांनी सरळ पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी लाजेने अर्धमेली झाले. काकू जिना उतरताना मजेत म्हणाल्या, "विचारलं, नाही म्हणाले, संपलं. आपलं काय गेलं?"

माझी बारावी झाली आणि एका खाजगी कॉलेजात डिझाइनला माझा नंबर लागला. मी घरभर नाचले. मग बाबांनी वेबसाइटवर वर्षाची फी पाहिली. ते एस्प्लनेडजवळच्या एका कंपनीत हिशेब बघायचे आणि त्या वर्षी पगार कापला गेला होता. "आपल्या आवाक्यातलं नाही हे. बीकॉम कर," एवढं बोलून त्यांनी लॅपटॉप मिटला. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

नेमक्या तेव्हा काकू डबा परत करायला आल्या. माझं तोंड पाहून त्यांनी सगळं काढून घेतलं.

"भाऊजी, फी किती म्हणतात ते कळलं. लोक भरतात किती?"

"वहिनी, ते कॉलेज आहे, चादरीचं दुकान नाही!" बाबा कधी नव्हे ते कडाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मला घेऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभ्या. येईल त्या पालकाला धरून हिंदीत तोच प्रश्न, तुम्हाला केवढ्याला पडलं? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण काय आश्चर्य, प्रत्येकाचं उत्तर वेगळं! कुणाला मार्कांवर सूट, कुणाची बहीण तिथेच शिकते म्हणून सूट, कुणी नुसतं बोलून फी अर्ध्यावर आणलेली. एका गृहस्थांनी मात्र छापील फी पूर्ण भरली होती. बाकीच्यांचं ऐकून त्यांचा चहा हातातच राहिला.

आत ऑफिसातल्या बाईंनी माझं नाव कॉम्प्युटरवर पाहिलं. "तुम्ही तर अर्जात फीसाठी मदत नको म्हटलंय," त्या हिंदीत म्हणाल्या. अर्ज बाबांनी भरला होता. त्यांचं म्हणणं, तो मदतीचा रकाना गरिबांसाठी, आपण नोकरदार माणसं, आपण कशाला हात पसरायचा? बदलता येईल, बाई म्हणाल्या, पण वडिलांनी स्वतः येऊन सांगायला हवं, आणि मुदत आजच संपतेय.

काकू तडक बाबांच्या कंपनीत. "माझ्या बोलण्याने भागलं असतं तर इथवर आले नसते, भाऊजी. उठा." मेट्रोत बाबा दाराशीच उभे राहिले. मला वाटलं, मधल्याच स्टेशनवर उतरून जातील. कॉलेजच्या दारात मात्र म्हणाले, "वहिनी, मी बोलतो. तुम्ही बसा."

आणि काकू बसल्या. बाकावर, हात मांडीवर ठेवून. एक पाय सारखा हलत होता, पण त्या उठल्या नाहीत.

"मॅडम, एवढी फी मला झेपणार नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. "मुलगी हुशार आहे. काही करता येईल का?" त्यांचा आवाज चिरकला.

बाईंना त्याचं काहीच नव्हतं. "मग आधी का नाही सांगितलंत?" म्हणत त्यांनी पगाराची स्लिप मागितली. फी उतरून निम्म्याच्या जरा वर राहिली, तीही हप्त्यांनी. पायऱ्यांवर बाबा हसत होते आणि डोळेही पुसत होते. "एवढंच होतं?"

"एवढंच असतं. चला, मला मासळी घ्यायचीय."

काका रिटायर झाले आणि ती दोघं नाशिकला गेली. हावड्याला गाडी सुटेपर्यंत काकू डब्यात चढत-उतरत होत्या. आता गुडघ्यांनी दगा दिलाय. फोनवर खुर्चीची करकर ऐकू येते आणि मला अगदी कसंतरी होतं. ती बाई आणि खुर्ची!

परवा इथल्याच बराकपूरच्या छावणीतून एका मराठी सुभेदारांच्या बायकोचा फोन आला. मुलीचा नंबर माझ्याच कॉलेजात लागलाय, पण फी बघून त्यांनी नाद सोडलाय. दुसरं स्वस्तातलं कॉलेज माहीत आहे का, एवढंच त्या विचारत होत्या. मी ते सहज काकूंना सांगितलं.

"अर्जात काय लिहिलंय त्यांनी?"

"मदत नको म्हणून."

खुर्ची जोरात करकरली. त्या उठायला बघत असणार.

"माझे गुडघे गेलेत गं," काकू म्हणाल्या. "तुझे आहेत ना धड? मग तू अजून घरी कशी?"

फोन कानाला तसाच धरून मी चपला शोधायला लागले.