आधी स्वतः चढणारे दादारावकाका

ट्रॉलीत घोडी चढवण्याआधी दादारावकाका स्वतः चढत आणि चारी कोपऱ्यांत उड्या मारून बघत. साठीचा धोतरवाला माणूस लोखंडी ट्रॉलीत धाडधाड नाचतोय, हे बघायला आमच्या पुसेगावात रिकामटेकड्यांची कमी नव्हती. काका तिकडे ढुंकूनही बघत नसत. "जिथं माह्या पायाखाली आवाज येतो, तिथं ती काहून पाय ठेवंल?" म्हणत आणि त्या जागी वाळलं गवत अंथरत.

काका आमचे शेजारी, माझ्या वडिलांचे, आबांचे, लहानपणापासूनचे दोस्त. आमची काजळी नावाची काळी घोडी लांबच्या वरातींना त्यांच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉलीतून जायची. एरवी ती माझी. मी अकरावीत गेले तरी तिच्यावर बसून शेतात जायचे. ते गावाला खटकायचं, आणि हळूहळू आबांनाही खटकू लागलं होतं.

घोडी चढवायला मला काकांनीच शिकवलं. ट्रॉली बांधाला लावायची, म्हणजे घोडीला उडी मारावी लागत नाही. ट्रॉली दोन चाकांची, तेव्हा वजन चाकांच्या जरा पुढे हवं. मागे गेलं की ट्रॉली हूक उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागे डुलत सुटते. रस्ता डाव्या कडेला उतरता, म्हणून एकटी घोडी उजव्या अंगाला बांधायची आणि ती सरकू नये म्हणून डावीकडे मातीची पोती लावायची. या कामात घाई करणाऱ्यावर काका असे खेकसत की ऐकणाऱ्यानं दोर सोडून पळावं.

आणि एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. "जनावराला फसवून चढवायचं न्हाई. गूळ दावला तर द्यायचा. एकदा फसलं की ते पुन्हा चढत न्हाई, अन् चढलं तरी आत सुदं उभं ऱ्हात न्हाई." एका नवरदेवाच्या मामानं रिकामी पाटी दाखवून काजळीला चढवलं, तेव्हा काकांनी वरात खोळंबवली. मामाला धान्य आणायला लावलं, आणि तिचं खाऊन होईपर्यंत ट्रॅक्टर सुरू केला नाही. मला तेव्हा काकांचा केवढा अभिमान वाटला होता.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी ते ट्रॉली घेऊन आले. "बाळापूरला वरात हाय. उद्या परत आणतो." काजळी मात्र बांधावर पाय रोवून उभी राहिली. कुणी ओढलं तरी हलेना.

"तू चढ बाई आधी," काका मला म्हणाले. "तुह्या मागं येती ती."

मी चढले. ती मुकाट्यानं माझ्यामागे आली. मी तिला बांधलं, पोती लावली आणि विचारलं, "बराबर हाय का, काका?"

"बराबर हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग गूळ माझ्याच हातात दिला, तिला भरवायला.

काजळी परत आली नाही. आबांनी तिला विकलं होतं. घोडीवर हिंडणाऱ्या पोरीला स्थळं येत नाहीत म्हणे. आबांचा राग आला, पण आबांनी मला कधी काही शिकवलं नव्हतं. काकांनी शिकवलं होतं. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. "काहून केलं असं?"

"तुह्याबिगर ती चढली नसती. मारून चढवावी लागली असती," ते म्हणाले. "ते माह्यानं पाहवलं नसतं."

म्हणजे घोडीला फसवायचं नाही, म्हणून मला फसवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही.

दोन हजार सालानंतर माझं लग्न झालं. सासर वारंगा फाट्याजवळचं. माझं कपाट, पलंग टेम्पोत चढवायला काकाच आले. आता थकले होते, तरी कोपऱ्यांत पाय आपटून बघितलेच. मग मी बसणार होते त्या जीपपाशी येऊन त्यांनी हात पुढे केला.

"चढ, लेकरा. चांगली मानसं हायेत."

मी जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबले. "उद्या परत आणता ना, काका?"

बायका हसल्या. नवरीची थट्टा वाटली त्यांना. काका हसले नाहीत. पुढे केलेला हात त्यांनी हळूच खाली घेतला, आणि मी तो न धरताच चढले.