नखाची साक्ष

कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते सूतभरराव. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि चौतीस वर्षं फिटरकी करताना ह्या माणसाच्या तोंडी एकच पालुपद: "सूतभर डावीकडे घे."

निवृत्त झाले आणि ते पालुपद पिशवीत घालून घरी घेऊन आले. भिंतीवरचं घड्याळ सूतभर कललंय, शेजारणीचा भांग सूतभर सरकलाय. बायको म्हणायची, "नशीब माझं, लग्नात माझ्या नाकाकडे बघून काही बोलला नाहीत."

"बोलणार होतो. पण तुझे वडील शेजारीच उभे होते."

स्वयंपाकघराच्या मागच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी आपलं वर्कशॉप थाटलं होतं. एक जाडजूड बाक, त्यावर काम आवळून धरायचा व्हाइस, खिळ्यांच्या बरण्या, आणि हातात धरायचं ड्रिल. सगळं झकास चाललं होतं. मग बायकोचा गुडघा कुरकुरायला लागला आणि ती म्हणाली, "न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवा हो."

दांड्याच्या दोन टोकांना दोन पट्ट्या, पट्टीला चार भोकं. एवढंच काम. पण पहिल्याच पट्टीची चारही भोकं चार दिशांना तोंडं करून बसली, एकमेकांशी भांडलेल्या जावांसारखी. सूतभररावांनी ती पट्टी जुन्या बुटांच्या खोक्यात दडवली आणि जाहीर केलं, "हातातल्या ड्रिलमध्ये दम नाही. खांबाचं ड्रिल घ्यायला पाहिजे. जुनं, पण अस्सल."

खांबाच्या ड्रिलचं बरं असतं. काम टेबलावर आवळायचं, दांडी ओढायची, की सुई उतरावी तसं ड्रिल सरळ खाली येतं. हाताला फक्त ओढायचं काम.

दांडा कधी होणार, हे बायकोनं परत विचारलं नाही. पॉलिशची डबी शोधताना तिच्या हाती ते खोकं लागलं होतं. पट्टी तिनं होती तशीच ठेवून दिली होती.

कारखान्यातला लेथवरचा एक टर्नर मागच्या वर्षी वारला होता, त्याच्या बायकोला त्याचं ड्रिल विकायचं होतं. नवराबायको दोघं बघायला गेले. मशीन बघून सूतभररावांच्या तोंडाला पाणीच सुटलं. ओतीव लोखंडाचं बूड, मांडीएवढा खांब, हिरवा रंग कडांना उडालेला, पण गंजाचा ठिपका नाही.

"दर रविवारी तेलाचं फडकं फिरवते मी," टर्नरची बायको म्हणाली. "त्यांना सांगून ठेवलं होतं, तुमच्यापेक्षा हे मशीन माझ्या राज्यात जास्त सुखी राहील."

"वा, वहिनी! आता परीक्षा घेतो," सूतभरराव म्हणाले.

ही परीक्षा कारखान्यात गाजलेली होती. मोटर बंद ठेवून, ड्रिलचं टोक धरणाऱ्या चकमध्ये एक सरळ सळी आवळायची. डाव्या हातानं वरची पुली हळूहळू फिरवायची आणि उजव्या करंगळीचं नख सळीला जेमतेम टेकवायचं. मशीन आतून झिजलं असेल तर सळी नखाला टकटक करते. ह्या नखानं नाकारलेली मशीनं साहेबांनीसुद्धा परत पाठवली होती.

त्यांनी नख टेकवलं. टकटक. सळी बदलली, परत टेकवलं. टकटक.

"वहिनी," ते जड आवाजात म्हणाले, "वरून पाटलीण, आतून फाटलीण. ह्याचं बेअरिंग गेलंय."

टर्नरच्या बायकोचा चेहरा उतरला. "असं कसं होईल, भावजी? जाण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत ते ह्यावर काम करत होते. वाकडं काम त्यांना खपायचं नाही."

"नख खोटं बोलत नाही, वहिनी."

इतका वेळ स्टुलावर बसलेली सूतभररावांची बायको गुडघ्यावर हात टेकत उठली. "मी बघू?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणूनच बघते."

तिनं करंगळी टेकवली, दुसऱ्या हातानं पुली फिरवली. एकदा, दोनदा. खोलीत पुलीवरच्या पट्ट्याची सरसर तेवढी ऐकू येत होती. "मला तर बाई लोण्यासारखं लागतंय," ती म्हणाली, आणि घाईनं पुढे जोडलं, "पण ह्यांचा आज चष्मा घरी राहिलाय, त्यामुळे..."

नखाला कशाला चष्मा लागतो? सूतभररावांनी स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. हवेत, कशालाही न टेकता, ती बारीक थरथरत होती. उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखी.

चष्म्याचं निमित्त समोर आयतं आलं होतं. नुसतं "हो" म्हटलं की झालं असतं. पण टर्नरची बायको फडकं घेऊन मशीनचा खांब पुसत होती, आपल्याच हातून काही राहून गेल्यासारखी.

"वहिनी, थांबा," ते म्हणाले. "मशीन सच्चं आहे. हात माझा हलतोय. नाचता येईना आणि मी तुमच्या अंगणाला नावं ठेवली."

टर्नरच्या बायकोनं एक मोठा श्वास सोडला. "एवढंच होय! हात हलू द्या हो, भावजी. मशीन हलत नाही ना? मग झालं तर!"

टेम्पोत मशीन दोरांनी करकचून बांधलं, पुढे ड्रायव्हरशेजारी ही दोघं. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अंगण बाकी सरळ निघालं हो."

"कधीपासून कळलंय तुला?"

"बुटांचं खोकं उघडलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी माझ्या नाकाबद्दल कुठं बोललात?"

ड्रायव्हरला काही कळलं नाही, पण दोघं हसतायत म्हणून तोही हसला.

दोन दिवसांनी न्हाणीघरात दांडा लावायची वेळ आली. पट्ट्या सूतभररावांनी केल्या, आठही भोकं शिपायांसारखी ताठ. भिंतीवर दांडा धरून ते खुणा करायला लागले, तोच मागून बायकोचा आवाज आला.

"सूतभर डावीकडे घ्या."

त्यांनी वळून पाहिलं. मग पुन्हा दांड्याकडे पाहिलं. आणि मुकाट्यानं सूतभर डावीकडे घेतला.