मशीनवाल्या काकूंचं राखाडी रीळ

छत्तीस वर्षं काकूंनी शिलाई मशिनं दुरुस्त केली. आधी कपड्यांच्या कारखान्यात आणि नंतर घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली टेबल टाकून. मशीन कशामुळे कुरकुरतंय हे त्या झाकण न उघडता, नुसतं चाक फिरवून सांगत. सगळे त्यांना मशीनवाल्या काकू म्हणत, अगदी पोस्टमनसुद्धा.

काका बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना मासे पकडायचं वेड लागलं. दर रविवारी सकाळी हलका रॉड, डबा आणि घडीची खुर्ची घेऊन ते तळ्यावर जात. तळ्यात गळ टाकण्याआधी घरात बायकोला गळ घालून बघत. "तू पण चल गं." काकू हातातला स्क्रूड्रायव्हर दाखवत आणि विषय संपे.

एके दिवशी काकांच्या रॉडवरच्या, दोरा गुंडाळायच्या जुन्या रिळानं मान टाकली. काकूंनी ते याआधी दोनदा नीट केलं होतं. या वेळी त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि मान हलवली.

"याचे दात गेलेत."

"माझेही गेलेत. मला कुणी टाकून दिलं का?"

"तुमचे नवे बसवता आले. याचे मिळत नाहीत. नवीन रीळ घ्या."

काकूंना मासेमारीच्या सामानाच्या दुकानाजवळूनच मशीनच्या सुया घ्यायच्या होत्या, म्हणून त्या सोबत निघाल्या. दुकान अरुंद होतं. एका भिंतीला रॉड उभे केलेले, दुसरीकडे रेनकोट टांगलेले आणि मधल्या काचेच्या कपाटात रिळं. दुकानदार जाडजूड, हसतमुख माणूस. त्यानं सोनेरी रंगाचं चकचकीत रीळ काकांच्या हातात ठेवलं.

"बारा बेअरिंग आहेत, काका. लोण्यासारखं फिरतं."

काका खूश होऊन दांडी फिरवू लागले. काकूंनी हात पुढे केला. "बघू जरा."

त्यांनी रीळ कानाशी धरलं आणि सावकाश फिरवलं. मग दांडी पुढे-मागे हलवून पाहिली. ती खुटखुट वाजली. दोरा ज्या छोट्या चाकावरून सरकतो, ते त्यांनी नखानं ढकललं. ते जागचं हललं नाही.

"बेअरिंग किती ते खोक्यावर छापता येतं," त्या म्हणाल्या. "ती कशी बसवलीत ते हाताला कळतं."

"काकू, टेन्शन घेऊ नका, माल चांगला आहे."

"दोऱ्याचं टेन्शनच तर बघायचंय," असं म्हणत त्यांनी पिशवीतून शिवायच्या दोऱ्याचं बंडल काढलं. दोरा रिळाला गुंडाळून त्याचं टोक काकांच्या हातात दिलं. "मागे चाला."

काका दोरा ओढत मागे मागे गेले आणि थेट रेनकोटांत शिरले. रिळानं आधी दोरा सोडलाच नाही, मग एकदम हिसका देऊन सोडला. "मासा जोरात पळाला की रिळानं दोरा अलगद सोडला पाहिजे," काकू म्हणाल्या. "हे असे हिसके देत राहिलं तर बारीक दोरा तटकन तुटेल."

खालच्या फळीवर एक साधं राखाडी रीळ पडलं होतं. किंमत सोनेरीच्या निम्म्याहून कमी. तेही फिरवून झालं, काका पुन्हा रेनकोटांत जाऊन आले. दोरा एकसारखा सुटत राहिला. दांडीला खुटखुट नाही आणि वजनाला इतकं हलकं, की दिवसभर धरलं तरी मनगट दुखू नये.

"हे घ्या," काकू म्हणाल्या.

"दिसायला अगदीच हे आहे गं."

"बस घेताना काय रंग बघून घेतली होती?"

"बस मी कुठे घेतली? कंपनीनं दिली!"

काकांनी हट्टानं सोनेरीच घेतलं. काकूंनी क्षणभर विचार केला. "मग राखाडी मला द्या. साध्यातला एक रॉडही."

"तुला? तू कधी मासा पकडलायस?"

"अजून नाही."

त्या रविवारी काकूंचा पहिला गळ लव्हाळ्यात अडकला. दुसरा काकांच्या टोपीत. काका टोपी सोडवत असतानाच त्यांच्या सोनेरी रिळाचा दोरा ताणला गेला. ते धावले. रीळ अडलं, हिसका बसला आणि टण्‌कन दोरा तुटला. काका लोंबणारा दोरा गुंडाळू लागले. काकूंनी टोपीतला गळ सोडवला आणि पुन्हा पाण्यात टाकला. त्यांचं हेच काकांना फार लागलं.

तासाभरानं काकूंचा रॉड वाकला.

"ओढ! अगं ओढ!" काका ओरडले.

"गप्प बसा हो, जरा हाताला कळू द्या."

त्यांनी रिळाच्या डोक्यावरची चकती पाव फेरा सैल केली. दोरा सरसर सुटत गेला. मासा दमला तशी चकती पुन्हा किंचित आवळली आणि त्याला हळूहळू जवळ आणलं. तो पुन्हा पळाला, पुन्हा सैल. नाजूक कापडावर टीप मारताना बोटं जशी चालत, तशीच आता चालत होती. काका जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले, पायातले बूट काढायचंही भान त्यांना राहिलं नाही. जाळीत आलेला मासा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरला.

"धरला!" काकाच जास्त जोरात ओरडले. पलीकडच्या काठावरच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. काकूंना हसू आवरेना. त्या खाली गवतावरच बसल्या.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःहून दुकानात गेले आणि सगळी हकीकत, टोपीसकट, सांगून आले. दुकानदार संध्याकाळी घरी हजर. "काकू, शनिवारी सकाळी दोन तास याल का दुकानात? लोक बिघडलेली रिळं आणतात, मला काही कळत नाही."

काकूंनी होकार दिला. पहिलं काम सोनेरी रिळाचं. आतल्या चकत्या कोरड्या ठणठणीत होत्या. त्यांनी त्या पुसल्या, ग्रीस लावलं आणि रीळ बऱ्यापैकी माणसात आलं. काका ते वापरतात, पण काकू चहा प्यायला बसल्या की हळूच राखाडी उचलतात.

परवा दुकानात एका नवशिक्या बाईंनी काकूंना विचारलं, "मासे पकडण्यात सगळ्यात अवघड काय असतं हो?"

"पहाटे उठणं," काकू म्हणाल्या. "ते मला अजून जमत नाही."