डाळिंबी

"हे डाळिंबी आहे? हे?" बाई ब्लाउजपीस गल्ल्यावर आपटून ओरडत होती. "उद्या मुलीचा साखरपुडा आहे माझ्या. वीटभट्टीचा रंग दिलात तुम्ही!"

उल्हासनगरात आमचं मॅचिंग सेंटर. तीन बाजूंना छतापर्यंत ताके, चौथ्या बाजूला गल्ला, मध्ये मी. बाहेर पडायचं तर शेठने उठून वाट द्यावी लागते. ती ओरडत होती तोवर शेठ उठला नाही.

आमच्या धंद्यात साडी आली की कापड घेऊन दुकानाबाहेर उन्हात जायचं, तिथे रंग लावून बघायचा, हा रिवाज. सगळे सेल्समन दिवसातून शंभरदा बाहेर पळतात. मी बावीस वर्षांत एकदाही गेलो नाही. "ताई, ऊनच माझ्याकडून रंग शिकायला येतं," असं मी सांगायचो. अमावस्येला, दिवे गेलेले असताना, नुसत्या बोटांनी अबोली आणि श्रीखंडी वेगळे केल्याची माझी कथा तर बदलापूरपर्यंत पोचली होती. पोचवली मीच होती.

आणि आता डोळ्यांत भांडण लागलं होतं. डाव्याला डाळिंबी दिसे, उजव्याला तेच कापड दोन वर्षं शोकेसमध्ये उन्हाने रंग उडालेलं. डावा झाकला की शेठची लोखंडी मीटरपट्टी मधोमध वाकायची. दोघांच्या भांडणात त्या बाईच्या वेळी नेमका उजवा जिंकला. अंबरनाथच्या चष्मेवाल्याने दोनदा नंबर बदलून दिला, तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, हे नंबराचं नाही. डोळ्याच्या आतला पडदा डॉक्टरला दाखवा." मी तीन आठवडे पडद्याबद्दल कुणाशी बोललो नाही. रंग गेले तर मी कोण, ताके उचलणारा हमाल.

बाई नवा पीस घेऊन गेली. त्यासाठी शेठ शेवटी उठला; तो पीस मी बाहेर जाऊन, उन्हात, डावा डोळा फाडून निवडला. शेजारचे दुकानदार बघायला जमले, जणू हत्ती आला.

मग शेठला खरं सांगून टाकलं. "शेठ, उजव्या डोळ्यात रंगच उरला नाही."

आमचा सिंधी शेठ पोट धरून हसला. "अरे साईं, गेल्या गुरुवारी तर तू इथून मलंगगडावरच्या बकरीची शिंगं मोजत होतास. सुट्टी पाहिजे तर सरळ माग ना."

"शेठ, खरंच."

"बकरीपण खरंच होती ना?"

बकरी माझीच होती. आयुष्यभर विणलेल्या जाळ्यात मीच घट्ट बसलो होतो, आणि विणकाम इतकं चांगलं की कुठे भोक सापडेना.

घरी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, बायको भाजी निवडत बसली होती. ती अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, त्या दिवशी तिची सुट्टी होती. मी दारातच डोळ्याचं सांगितलं.

"मागच्या दिवाळीत तुम्हाला भिंतीपलीकडचं दिसत होतं," ती मान वर न करता म्हणाली. "शेजारणीच्या डब्यातल्या चकल्या मोजल्या होत्यात. चौदा."

"त्या खरोखर चौदा होत्या."

"तुम्हीच तर नेऊन दिल्या होत्या त्यांना. हात धुऊन या."

मी हललो नाही. चपलाही काढल्या नाहीत. गोष्ट रंगवायला शब्द शोधले, एकही सापडला नाही. बहुधा त्यानेच बायको भाजी निवडायची थांबली. बावीस वर्षांत तिने मला शब्दावाचून पाहिलं नव्हतं.

ती आत गेली, कपाटातून एक साडी आणली. खिडकीशी उभं केलं मला, आणि मेथीचा वास येणारा तळहात माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"कुठला रंग?"

मी पुष्कळ वेळ बघितलं. अंदाज ठोकायची सवय जिभेवर आली होती, ती गिळली.

"मातीचा," मी म्हणालो. "मधे डाग आहे. काठ वाकलाय."

तिने हात काढला. खिडकीत आमच्या लग्नातली डाळिंबी साडी होती, जिचं ब्लाउज मी स्वतः, उन्हात न जाता, मॅच केलं होतं.

"काय असेल गं?" मी विचारलं.

तिने साडीची घडी घातली, काठाला काठ लावून.

"सोमवारी मी रजा टाकते," ती म्हणाली.