परत केलेला ॲम्प्लिफायर

मित्राच्या, अरविंदच्या तेराव्याला भजनासाठी त्याच्या मुलाने ॲम्प्लिफायर लावला. आतल्या तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हांचा वास आला आणि माझ्या पेचकसाने पडलेला ओरखडा दिसला.

वीस वर्षांपूर्वी राजपुऱ्यातल्या माझ्या खोलीत, दुकानातून ऐकायला आणलेला हाच ॲम्प्लिफायर आम्ही माझ्या नव्या स्पीकरांना जोडला होता. तंबोरा खोलीतच वाजतोय असं वाटलं. अरविंद डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, तुझे स्पीकर भारी, पण हा फुसका. परत कर." त्याच्या कानांवर विश्वासून मी परत केला आणि साधा घेतला. दर रविवारी तो माझ्याकडे येऊन त्या साध्याचं कौतुक करायचा. स्वतःच्या घरी ऐकायला मात्र त्याने कधी बोलावलं नाही.

"भाऊजी, हा तुम्हीच निवडून दिलात ना?" भजन संपल्यावर वहिनी म्हणाल्या. "हे सगळ्यांना तसंच सांगायचे."

"हो," मी म्हणालो, "मीच."