डावीकडची जागा

मुलाने पुण्याहून पाठवलेली झूम लेन्स कपाटात पडून आहे. लांबचं जवळ ओढायचं म्हणे! अरे, देवाने पाय दिलेत ना? मी आपली जुनी पन्नासची लेन्स लावतो. तिला लांब-जवळ करता येत नाही. पुढे-मागे व्हायचं ते आपणच.

खरं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या माळव्यात देवासहून धार-अमझेऱ्यापर्यंत कुठलंही देऊळ, दरवाजा, पायऱ्यांची बावडी टिपायची तर बायको डावीकडे उभी राहायची, वास्तू केवढी ते कळावं म्हणून. "मी म्हणजे तुमची फूटपट्टी," असं कुरकुरत पदर नीट करायची. घरी आल्यावर फोटो आधी तिला बघायचा असायचा. कणकेच्या हातांनीच कॅमेरा धरायची आणि मी खेकसायचो, "आधी हात पूस!"

ती डोक्यापासून चपलांपर्यंत कुठून मावते, ते माझ्या पायांना पाठ होतं. ती गेली, तरी पाय तिथेच थांबतात.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, हल्ली सगळ्या फोटोंत डावी बाजू रिकामी का? झूम वापरा, नीट भरेल." नीट भरेल! मी फोन ठेवून दिला. ती जागा भरायलाच नको होती मला. एकदा भरली की ती पुरती गेली, अशी भीती वाटायची.

परवा अमझेऱ्याला एका जुन्या देवळासमोर कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने हात हलवून म्हणालो, "थोडी डावीकडे सरक." छे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायरीवर बिडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाटलं, त्यालाच सांगतोय. बिडी विझवून तो उठला आणि बरोब्बर तिच्या जागी जाऊन उभा राहिला. "यां ठीक है, भिया?"

नको म्हणणार होतो. पण तेवढ्यात त्याने डोक्यावरचा साफा नीट केला, ती पदर नीट करायची तसाच. मी बटण दाबलं.

"भाभीजी को जरूर दिखाना," तो म्हणाला.

"हो हो, दाखवतो ना," मी मराठीतच बोलून गेलो.

देवासला येऊन कुलूप काढलं. कॅमेरा घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "आधी हात पूस," मोठ्यांदा म्हणालो आणि कॅमेरा पुढे धरला. हात दुखेपर्यंत तसाच उभा होतो.